वेलीच्या वाट्याचं शहाळं

आमच्या आतोबांच्या लेखी या जगात मेलेलं असं काही नव्हतंच. जे हलत नाही, बोलत नाही, पेटत नाही किंवा चालत नाही, ते सगळं त्यांच्या मते झोपलेलं असायचं. झोपलेल्याला उठवायची काहीतरी रीत असते आणि ती आपल्याला माहीत नसली तर दोष आपल्या शिक्षणाचा, असं ते फार गंभीरपणे सांगत. भिवंडीतल्या त्यांच्या घरामागच्या भिंतीवर टॉर्चचे संपलेले सेल उन्हात ओळीनं मांडलेले असत. घरात पाऊल टाकलं की शाई सुकलेलं एखादं पेन दोन्ही तळव्यांत घोळवत ते बसलेले दिसायचे. "उठतंय, उठतंय," असं पुटपुटत ते कागदावर गिरगटा काढायचे, कागद फाटायचा, तरी पेन कचऱ्यात जायचं नाही. त्यांचं एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरलेलं असे, कारण त्याच्या पोटात पावसाळ्यातला दमट वारा शिरलाय आणि तांदूळ तो शोषून घेतील, अशी त्यांची खात्री होती. आत्या भाताला तांदूळ घ्यायची तेव्हा कधीकधी वाटीत घड्याळ यायचं. ती ते पदराला पुसायची, कानाशी धरायची आणि पुन्हा तांदळात खोचून ठेवायची. या आत्याबद्दल मला पुढे बरंच सांगायचं आहे. ती माझी सख्खी आत्या, वडिलांची धाकटी बहीण.

हे सगळं सेलांपुरतं आणि घड्याळांपुरतं राहिलं असतं तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण एकदा पूर्णा गावात कोणाची तरी म्हातारी आई वारली आणि आतोबा भेटायला गेले. घर माणसांनी भरलेलं, बायका रडताहेत, आणि हे मुलाच्या कानाशी वाकून हळूच विचारतात, "तळपाय बघितलेत का नीट? कोमट असतील कदाचित." मुलगा बिचारा भला माणूस, म्हणून निभावलं. त्यानंतर आत्यानं नियमच घालून टाकला की कोणाकडे असं काही झालं तर दिवस होऊन जाईपर्यंत यांनी तिकडे फिरकायचं नाही.

ते शाळेत विज्ञान शिकवत. मी सांगतोय ते सत्तरनंतरच्या चारपाच वर्षांतलं, तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते. मी एका कापडाच्या गोदामात कारकून होतो आणि बायकोसह त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहत होतो. शाळेत त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध होती. फळ्यावर स्वतःचं काही चुकलं की ते खडू खाली ठेवत, उजव्या हातानं आपलाच डावा कान धरत आणि वर्ग "बस, सर" म्हणेपर्यंत तसेच उभे राहत. पोरं मुद्दाम उशिरा म्हणायची. त्यांना मात्र यात अपमान वाटत नसे, उलट एक प्रकारचा आनंदच होत असे. "अरे, चूक सापडली म्हणजे एक खोटी वाट बंद झाली. आता शोधायचं तेवढं कमी झालं," असं ते मला म्हणाले होते. माणूस स्वतःच्या चुकीवर इतका खूश होतो हे बघून मला हसू यायचं. पुढे याच सवयीमुळे डोळ्यांत पाणी यायचं होतं, ते तेव्हा कळलं नाही.

त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख वाढलेलं असे. बाकी सगळी नखं मास्तरांना शोभतील अशी बारीक कापलेली, आणि हे एकच पुढे आलेलं, कडा तासलेली. ते झाडांसाठी होतं. रस्त्यानं चालताना एखादी वाळकी फांदी दिसली की आतोबा थांबणार, नखानं तिची साल किंचित खरवडणार, चष्मा कपाळावर सारून आत बघणार. आत हिरवं दिसलं की यांचा चेहरा खुलायचा. "हिरवं आहे. म्हणजे झोपलीय नुसती." तपकिरी दिसलं तर ते आणखी खाली खरवडायचे, मग आणखी खाली, आणि बुंध्यापाशी कुठेतरी हिरवा ठिपका सापडेपर्यंत सोबतच्या माणसानं उन्हात उभं राहायचं. कोणाच्या कुंपणाच्या मेखाही त्यांनी खरवडून पाहिल्या आहेत. कल्याण नाक्यावर एका हॉटेलवाल्यानं मांडवासाठी रोवलेल्या वाशातही त्यांनी हिरवं शोधलं होतं आणि ते सापडलंही होतं.

त्यांना एकच मुलगी, शकू. ती माझी आतेबहीण. तिला नाशिककडे दिली होती. सासरी द्राक्षाचा मळा होता. बिनबियांची द्राक्षं त्या भागात तेव्हा नवी होती आणि तिच्या सासऱ्यांना त्यांचा भारी अभिमान. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला शकू आली ती ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या छाटणीच्या काड्या घेऊनच. "बाबा, यातली एक तरी उठवून दाखवा," म्हणाली. बापाला नेमकं काय आणून द्यावं हे त्या पोरीला बरोबर ठाऊक होतं. धुण्याच्या दगडाशेजारी तिनंच आपल्या हातानं काड्या खोचल्या. एक लागली. आत्या धुण्याचं शेवटचं स्वच्छ पाणी रोज तिला घालायची.

शकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिच्यासाठी आतली खोली चुन्यानं रंगवून झाली होती, आत्यानं जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली होती. ती यायच्या आधीच तिला ताप भरला आणि ती तिकडेच गेली. आतोबा पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्यांना काही बघायलाच मिळालं नाही. परत आले, पाय धुतले, आणि त्यानंतर मी तरी त्यांच्या तोंडून शकूबद्दल 'गेली' हा शब्द ऐकला नाही. कोणी विषय काढला तर म्हणायचे, "ती तिकडेच आहे." ऐकणारा विषय बदलायचा. मीही बदलायचो.

वेल मात्र वाढत सुटली. भिवंडीच्या दमट हवेत तिला पानंच पानं यायची, द्राक्ष एक नाही. भिंत झाकली, दोरीवरून मांडव धरला आणि त्या सावलीत एक पाट टाकून आत्या बसू लागली. ती पूर्वी फार बोलकी होती. आता पाटावर बसून धान्य निवडायची, नाहीतर नुसतीच वर पानांकडे बघत राहायची. शेजारच्या यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, शेडमधून कापसाची लव उडून पानांवर बसायची, ती ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. इतकं करून संध्याकाळी उठून स्वैपाक करायची, जेवायची, आल्यागेल्याशी दोन शब्द बोलायची. तिचं जेवढं चाललं होतं तेवढं त्या वेलीच्या आधारानं चाललं होतं, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. आतोबांनाही दिसत होतं, आणि तिथेच घोटाळा झाला.

त्यांच्या मनानं घेतलं की शकूच्या वेलीचा एक घड आत्याच्या हातात पडला पाहिजे. व्याह्यांनी कधीतरी बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं की छाटल्याशिवाय द्राक्ष लागत नाही, आम्ही दसरा-दिवाळीच्या सुमारास सगळी वेल छाटतो. एवढं पुरे झालं. ऑक्टोबरात माझी बायको गुडघ्यांसाठी म्हणून आत्याला अकलोलीच्या गरम कुंडात न्हायला घेऊन गेली. त्या दिवशी आतोबांनी कात्री काढली. नाशिकची थंडी कुठे, तिथली जमीन कुठे आणि खाडीकाठची आमची भिवंडी कुठे! पण पंचांग सगळ्यांना एकच लागू असावं अशा विश्वासानं त्यांनी ती भरलेली वेल छाटून छाटून नुसते दांडके ठेवले. पानांचा ढीग दारात पडला होता. मला आजही त्या कात्रीची आठवण झाली की त्यांचा राग येतो. निदान बायकोला विचारायचं तरी!

संध्याकाळी आत्या परतली. मागच्या दारात आली आणि उभीच राहिली. जिथे सावली होती तिथे उघडं आभाळ होतं.

"मेली?" तिनं विचारलं.

"छे! झोपलीय. महिन्याच्या आत उठवतो बघ," आतोबा म्हणाले.

आत्या आत गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. भांडण नाही, रडणं नाही, माहेरी निघून जाणं नाही, नुसतं बोलणं बंद. मी समोर असलो तर, "त्यांना सांग, पान वाढलंय," असं म्हणायची. मी नसलो तर ताटावर वाटी वाजवायची. हळूहळू ती आमच्याशीही कमी बोलू लागली. जेवण दिलं तर जेवायची, न दिलं तर मागायची नाही. दिवसभर मागच्या पायरीवर बसून त्या दांडक्यांकडे बघायची. डॉक्टरांनी लाल औषधाची बाटली दिली आणि मनाला उभारी येईल असं काही करा म्हणाले. आता आतोबांकडे करण्यासारखं एकच उरलं होतं. वेल उठली तर आत्या उठेल, नाहीतर दोघीही गेल्या, हे त्यांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्यात 'गेल्या' हा शब्द त्यांनी वापरला, तेव्हा मी घाबरलो.

मग सुरू झाली ती संप्रेरकांची शिकवणी. माझ्यासारख्या कापडाचे तागे मोजणाऱ्या माणसाला वनस्पतींचा काय गंध असणार! पण आतोबांना वर्ग हवाच असायचा. काडीवरच्या गाठीला द्राक्षवाले डोळा म्हणतात, तो दाखवत ते सांगायचे, "हे बघ, या एवढ्याशा डोळ्यात अख्खी फांदी घडी घालून ठेवलेली आहे. पानं आहेत, घडसुद्धा आहे. फक्त आत एक आम्ल बसलंय. ॲब्सिसिक. शाळा सुटल्यावर शिपाई सगळ्या वर्गांची दारं लावून घेतो ना, ते काम त्याचं. बाहेर थंडी पडून गेली की हा शिपाई हळूहळू निघून जातो. मग दुसरी संप्रेरकं येतात, ती उठवणारी. सायटोकायनिन येतं आणि पेशींना म्हणतं, चला, विभागा. मागून जिबरेलिन येतं आणि म्हणतं, आता लांब व्हा. या दोघांनी वेळेवर आपापलं काम केलं की डोळा फुटतो." मी विचारलं, "आणि आपल्याकडे थंडीच पडत नाही, त्याचं काय?" त्यांनी हातातली काडी सोडली. "तेच तर," म्हणाले. "शिपाई घरी जातच नाही."

पहिल्यांदा त्यांनी जिबरेलिन गाठलं. व्याह्यांकडे त्याची पावडर असायची. घड त्यात बुडवला की मणी लांबट होतो. चिमूटभर पावडर कागदाच्या पुडीत आली. आतोबांनी ती स्पिरिटात विरघळवून, पाण्यात मिसळून, आत्याच्या समईच्या वातीनं एकेका डोळ्याला लावली. आठवडे गेले, एक डोळा हलेना. मग एक दिवस मी गोदामातून परतताना ते रस्त्यातच भेटले. हातात कुठलंसं विज्ञानाचं मासिक होतं आणि चेहरा उजळलेला. मला वाटलं, वेल फुटली. "अरे, मी चुकलो!" ते जवळजवळ ओरडलेच. "झोपलेल्या डोळ्याला जिबरेलिन लावलं तर तो आणखी गाढ झोपतो. ते नंतर द्यायचं असतं, आधी नाही! लोकांनी कधीच पाहून ठेवलंय हे." एवढं बोलून त्यांनी तिथेच, भर बाजारात, आपला कान धरला. मी घाईघाईनं "बस, आतोबा, बस" म्हणालो. मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. ही चूक फळ्यावरची नव्हती, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. मासिकाची गुंडाळी करून ते झपाझप घराकडे निघाले.

शिपायाला घरी पाठवायचं तर थंडी आणायला हवी. म्हणून बर्फ आला. बर्फ मिळायचा तो मासळीवाल्यांचा, गोणपाटात बांधलेला, भुशानं माखलेला. आतोबा तो सायकलच्या कॅरिअरवर घालून आणत आणि वेलीच्या बुंध्याभोवती रचत. त्याला बोंबलाचा आणि मांदेलीचा वास इतका की गल्लीतली सगळी मांजरं येऊन वेलीभोवती बैठक मारायची. बर्फ वितळला की ती दगड चाटायची. आत्या पायरीवरून हे बघायची. पूर्वीची आत्या असती तर हसून हसून लोळली असती. तिच्या ओठांचा कोपराही हलला नाही, आणि मांजरांना हुसकावणारे आतोबा मध्येच थांबून तिच्याकडे बघून घ्यायचे, हे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मग त्यांच्या डोक्यात आलं की थंडी मिळूनही उपयोग काय, शेजारी दिवसरात्र लूम खडखडत असताना वेलीला धड झोप तरी लागते का? जो नीट झोपतच नाही तो उठणार कसा? ते शेजारच्या शेडच्या मालकांकडे, उत्तर हिंदुस्तानातून आलेल्या म्हाताऱ्या चाचांकडे, गेले आणि थोडे दिवस रात्रीची शिफ्ट बंद ठेवा म्हणाले. चाचा अदबीचे. त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, "मास्टरजी, लूम बंद होगा तो मेरा पूरा घर उठ के बैठ जाएगा. हम लोगों को इसी खटखट में नींद आती है." हे आतोबांना इतकं पटलं की ते आभार मानून परत आले. "वेलसुद्धा इथेच वाढलीय, तिलाही सवय असेल," असं मला म्हणाले. चाचांनी त्यानंतर एक केलं. वेलीकडच्या बाजूची खिडकी पत्रा ठोकून बंद केली, म्हणजे लव तरी उडू नये.

शेवटी राहिलं सायटोकायनिन. ते भिवंडीत कुठे मिळणार? पण त्याच मासिकात त्यांनी वाचलं की प्रयोगशाळेत पेशी वाढवताना नारळाचं पाणी वापरतात, त्यात या जातीचं काहीतरी असतं. झालं! कोन गावाहून एक शहाळेवाली रोज नाक्यावर येऊन बसायची. तिच्याकडून रोज एक शहाळं घरी येऊ लागलं. आतोबा ते फोडून वाटीत ओतत आणि वातीनं डोळ्याडोळ्याला पाणी लावत. आधी त्यांनी काड्या वाकवून, आत्याच्या जुन्या लुगड्यांच्या काठांनी जमिनीकडे बांधून घेतल्या होत्या, कारण शेंड्याचा डोळा खालच्यांना उठू देत नाही, तो वाकवून खाली आणला की त्याचा दरारा कमी होतो. वाटीत उरलेलं पाणी बुंध्याशी जायचं. शहाळ्यातली मलईसुद्धा ते खरवडून मुळाशी पुरत. पायरीवर बसलेली आत्या हे रोज बघत होती.

शहाळेवालीला या गिऱ्हाइकाचं कोडं पडलं. "मास्तर, रोजच्या रोज शालं नेता. कोन दुखनाईत हाय घरान?" तिनं एकदा माझ्यादेखत विचारलं.

"दुखणाईत कोणी नाही. वेलीला घालतो."

"झारांना कोन शालं पाजतं?" ती कोयता खाली ठेवून म्हणाली. "सांगायचा नसंल तं नका सांगू, पन असा काय तरी बोलू नका."

ती गप्प बसणारी बाई नव्हती. शुक्रवारी लूम बंद असत, सगळ्या भिवंडीत एक विचित्र शांतता पडे. तशा एका शुक्रवारी दुपारी ती डोक्यावर टोपली घेऊन थेट मागच्या दारीच आली. मी तिथेच होतो. आतोबा वेलीशी वाकले होते, हातात वात. आत्या पायरीवर.

"ही काय दुखनाईत! मना वाटलंच," शहाळेवाली म्हणाली. टोपली उतरवून ती आत्याच्या शेजारी पायरीवर बसली. तिनं आत्याचा हात हातात घेतला, उलटा करून बघितला, डोळ्याची पापणी ओढून बघितली. "रगत न्हाय अंगान. काय झायला गं बाय तुला?"

 शहाळेवालीनं टोपलीतलं एक कोवळं शहाळं निवडलं, कोयत्याचे दोन घाव घातले आणि ते आत्याच्या दोन्ही हातांत ठेवलं. "घे. याचं पैसं न्हाय. तुझा नवरा रोज नेतो, तुला देतो का न्हाय कोन जाने."

आत्यानं शहाळ्याकडे बघितलं. मग ते तोंडाला लावलं आणि एका दमात, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत, सगळं पिऊन टाकलं. रिकामं शहाळं मांडीवर ठेवलं आणि छाटणीच्या त्या संध्याकाळनंतर प्रथमच ती आतोबांशी बोलली.

"एवढी शहाळी आणलीत. सगळी तिला पाजलीत. मला एकदा तरी विचारलंत?"

लूम बंद होते म्हणून ते वाक्य अंगणात सगळ्यांना ऐकू आलं. आतोबांनी वात वाटीत ठेवली, वाटी दगडावर ठेवली. उजव्या हातानं त्यांनी आपला डावा कान धरला आणि ते आत्यासमोर उभे राहिले. आपल्याला "बस" म्हणायचा अधिकार नाही, एवढं मला कळत होतं. शहाळेवालीला यातलं काही कळलं नाही, पण तिनंही कोयता खाली ठेवला. आत्या किती वेळ त्यांच्याकडे बघत होती कोण जाणे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला दुसरा हात मोकळा असून ते पुसत नव्हते.

"बस झालं," आत्या म्हणाली. "कान लाल झाला."

दुसऱ्या दिवसापासून घरात दोन शहाळी येऊ लागली.

थोड्याच दिवसांनी वेलीचा एक डोळा फुटला. आधी तांबूस कापूस दिसला, मग त्यातून दुमडलेलं पान. पहिल्यांदा ते आत्यानं बघितलं. आणि गंमत अशी की वाकवलेल्या, बांधलेल्या, पाणी पाजलेल्या काड्यांवर काही नव्हतं. हा डोळा पार खाली, बुंध्याजवळ, जिथे आतोबांची वात कधी पोचलीच नव्हती. बर्फानं झालं, शहाळ्यानं झालं, की ज्याची त्याची वेळ असते म्हणून झालं, यावर आतोबा मला रोज वेगळं उत्तर द्यायचे. आत्याला त्याचं काही नव्हतं. ती पुन्हा पाट घेऊन तिथे बसायला लागली, सावली हाताएवढी नसताना. एकदा ती मांजरांवरून हसली. खरोखर हसली. ते ऐकायला आतोबा स्वैपाकघरातून हातात डाव घेऊन धावत आले होते.

पण हे असं सगळं गोड झालं म्हणून मी सोडून दिलं, तर ते खोटं होईल. द्राक्ष लागलं नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या एका फांदीच्या पानांवर आधी पिवळे डाग आणि खाली पांढरी बुरशी आली, अंगणात पाणी साचून राहिलं, आणि श्रावण संपेपर्यंत सगळी पानं गळली. थंडीत काही उठलं नाही, उन्हाळ्यातही नाही. आत्याची तब्येत मात्र तेवढीच राहिली, बरी नाही आणि वाईटही नाही. ती आतोबांशी बोलायची, कमी, पण बोलायची. शकूचं नाव कोणीच घ्यायचं नाही.

मी नंतर बदली होऊन कल्याणला गेलो आणि येणंजाणं कमी झालं. एका दुपारी गेलो तर आतोबा नाक्यावरून येत होते, हातात एकच शहाळं. घरी आल्यावर त्यांनी ते फोडून आत्याच्या हातात दिलं. आत्या अर्धं प्यायली, मग तिनं ते पुढे केलं.

"आता हे तिला द्या," ती म्हणाली. "झोपलीय ती. उठेल."

आतोबांनी शहाळं घेतलं. ते शहाळं दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून सावकाश, मागच्या अंगणात गेले. मी त्यांच्या मागून गेलो. धुण्याच्या दगडाशेजारी ते वाळकं दांडकं तसंच उभं होतं, त्याला लुगड्याच्या काठाचा एक तुकडा अजून बांधलेला होता. आतोबा वाकले आणि पाणी बुंध्याशी ओतू लागले, थेंबथेंब, पूर्वी वातीनं लावत त्याच काळजीनं.

"आतोबा," मी हळूच विचारलं, "आत हिरवं आहे का?"

त्यांनी शहाळं रिकामं होईपर्यंत ओतलं. मग हात धोतराला पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"मी बघितलं नाही," ते म्हणाले.

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. अंगठ्याचं नख त्यांनी बाकीच्या नखांसारखंच बारीक कापून टाकलं होतं.